गोणपाटापासून गोलापर्यंत : अंगणवाडीचा इतिहास आंबेडकरी तरुणांनी का वाचावा?

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत दाखल झालं. हा दिवस साजरा व्हायलाच हवा. पण त्या दिवशी भिवा नऊ वर्षांचा होता. नऊ वर्षांचं मूल एका दिवसात विद्यार्थी होत नाही. त्याआधी त्याच्या कानावर काय पडलं, हातात काय आलं, कोणी शेजारी बसवून घेतलं आणि कोणी लांब बसवलं, यातून ते घडत आलेलं असतं.

या आधीच्या वर्षांवर आपल्या चळवळीत बोललं जात नाही. वसतिगृह, शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा, आरक्षण यांवर आपण रात्र रात्र चर्चा करतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा विषय निघाला की तो 'बायकांचा विषय' म्हणून बाजूला पडतो. गाणी म्हणायची, ठोकळे रचायचे, खिचडी खायची, त्यात काय एवढं?

त्यात खूप काही आहे. लहान मुलाला कुठे बसवायचं, त्याने कोणाचा हात धरायचा, कोणाबरोबर खेळायचं, हा प्रश्न या देशात जातीचा प्रश्न होता आणि आजही आहे. म्हणून बालवाडीतला रोजचा खेळ हा आपल्या चळवळीचा विषय आहे. हे मी इतिहासातून मांडते.

छावणीतली पाटी

मी छावणी परिसरात काम करते. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची ही छावणी. एके काळी इथे हैदराबाद कंटिन्जंटची पलटण होती. पैसा निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ती फौज. शेजारी बाबासाहेबांनी वसवलेलं नागसेनवन, पलीकडे भीमनगर-भावसिंगपुरा. इथल्या पोरांना छावणी म्हटलं की आठवडी बाजार आठवतो. आंबेडकरी माणसाला मात्र या शब्दात आणखी एक इतिहास ऐकू आला पाहिजे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सुभेदार निवृत्त झाल्यावर कुटुंब कॅम्प दापोलीला आलं. मग सातारा, आणि तिथेही आधी कॅम्पातली शाळा. हा योगायोग नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. गावच्या शाळेची पायरी ज्याला चढू देत नव्हते, त्या महाराच्या पोराला पलटणीच्या शाळेत पाटी मिळाली. मुलींनाही मिळाली. रामजी याच व्यवस्थेत शिकले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले.

इंग्रजांची आरती ओवाळायला हे सांगत नाही. पलटणीला लिहिता-वाचता येणारा शिपाई हवा होता, म्हणून शाळा होती. गरज संपली तशी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच सरकारने महारांची लष्करभरती थांबवली. पण तोवर काय घडून गेलं ते बघा. एका महार घरात शिक्षक बाप आला. रामजी कबीरपंथी होते. घरात भजन, अभंग, वाचन, पाठांतर रोजचं होतं. भिवाची बालवाडी घरातच भरत होती.

समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. घरातली पुस्तकं, शब्द, गोष्टी, बोलण्याची रीत ही शाळेत पैशासारखी चालतात. सवर्ण घरात हे भांडवल पिढ्यान्‌पिढ्या साठलं होतं. आपल्याकडे ते पलटणीच्या शाळेतून मूठभर घरांत आलं. मग ज्या घरात रामजी नाहीत, त्या घरातल्या लेकराचं काय? आई पहाटे धुणीभांड्याला जाते, बाप नाक्यावर उभा राहतो, त्या घरात गोष्ट कोण सांगणार? बालवाडीचा सगळा प्रश्न या एका प्रश्नात आहे.

पडवी आणि गोणपाट

शाळेच्या दारात आपलं मूल पोचलं तेव्हा काय झालं, तेही बघू. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारच्या उत्तराचा आशय असा होता की एका मुलासाठी बाकी सगळ्यांची नाराजी ओढवून घेणं बरं नाही. आपल्या शिक्षणाच्या इतिहासातला हा पहिल्या काही अर्जांपैकी एक, आणि उत्तर हे.

याच्या आधीच पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी महार-मांगांच्या मुलामुलींसाठी शाळा काढल्या होत्या. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. संधी मिळाली की काय होतं, याचा तो पुरावा. पण सरकारी दार तसंच राहिलं. पुढे १८९० च्या दशकात दापोलीच्या महार पेन्शनर सैनिकांना आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्या म्हणून अर्ज करावे लागले. वर्गात जागा मागितली तर मिळत होती पडवी. आत धडा चालायचा आणि बाहेर बसलेल्या मुलाने कान टवकारून ऐकायचा.

साताऱ्यात बाबासाहेबांना वर्गात घेतलं, पण कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर. झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. नळाला स्वतः हात लावायचा नाही, शिपायाने सोडलं तरच पाणी. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे सगळं लिहिलं आहे.

यात पाठ्यपुस्तक कुठेच नाही, हे लक्षात घ्या. बसायची जागा, पाणी, स्पर्श आणि शेजार, यांतूनच त्या मुलाला त्याची जात शिकवली जात होती. आणि आत बसलेल्या सवर्ण मुलालाही त्याची जात इथेच शिकवली जात होती.

बाबासाहेबांचे गुरू आणि लहान मुलांची शाळा

१९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांच्यावर सर्वांत खोल परिणाम करणाऱ्या गुरूंपैकी एक म्हणजे जॉन ड्यूई. ड्यूई तत्त्वज्ञ होते हे आपल्याला माहीत असतं. त्यांनी १८९६ मध्ये शिकागोत लहान मुलांची प्रयोगशाळा काढली होती, हे फारसं सांगितलं जात नाही. त्या शाळेत मुलं स्वयंपाक करत, शिवत, सुतारकाम करत, एकत्र ठरवत आणि एकत्र निस्तरत. ड्यूईंचं म्हणणं असं की शाळा हाच एक छोटा समाज आहे. लोकशाही मुलांना व्याख्यान देऊन येत नाही, ती एकत्र काम करताना अंगवळणी पडते.

हाच धागा १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये येतो. लोकशाही म्हणजे फक्त राज्य चालवण्याची पद्धत नव्हे, ती एकमेकांशी जोडून जगण्याची रीत आहे, ही बाबासाहेबांची मांडणी ड्यूईंच्या मुशीतून आली आहे. समाजात एका गटाचे अनुभव दुसऱ्या गटापर्यंत झिरपत राहिले पाहिजेत, जात ते झिरपणं बंद करते, असं बाबासाहेब सांगतात. हे झिरपणं माणसाच्या आयुष्यात पहिल्यांदा कुठे सुरू होतं? मुलं गोल करून एकमेकांचा हात धरतात तिथे.

बोर्डीचं अंगण

'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो. त्याचा जन्म आपल्या महाराष्ट्रात झाला आणि त्या जन्माशी जात जोडलेली आहे.

मारिया मॉन्टेसरीने १९०७ मध्ये आपलं पहिलं बालगृह रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत उघडलं. आज आपल्या शहरात 'मॉन्टेसरी' अशी पाटी दिसली की आधी फी विचारावी लागते. ज्या पद्धतीची सुरुवात मजुरांच्या मुलांबरोबर झाली, ती मजुरांनाच परवडेनाशी झाली.

ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलं होतं. १९४५ मध्ये त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात, तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात, ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. महागडी साधनं गावात मिळणार नव्हती. मग शिंपले, बिया, खडे, पानं, माती हीच साधनं झाली. मोजायचं ते चिंचोक्यांनी, रचायचं ते दगडांनी. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरली.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण अस्पृश्य वाड्यातली मुलं तिथे येत नव्हती. तेव्हाचे लोक त्या वाड्याला 'हरिजनवाडा' म्हणत, आपण तो शब्द कधीच नाकारला आहे. मुलं येत नाहीत तर बालवाडीच मुलांकडे न्यायची, असं ठरलं. वाड्यातल्या अंगणात मुलं जमली, गाणी झाली, खेळ झाले, अंघोळ-नखं झाली. ही अंगणवाडी.

ताराबाई आणि अनुताईंचं श्रेय मान्य केलंच पाहिजे. वाड्यात जाऊन लेकरांचे हातपाय धुणारे सवर्ण तेव्हा किती होते? पण इतिहास वाचताना दुसरा प्रश्नही विचारावा लागतो. मुलं का येत नव्हती? गरिबी होती, धाकटी भावंडं सांभाळायची होती, हे खरं. पण वाडा गावापासून वेगळा होता, हेही तेवढंच खरं. १९२३ च्या बोले ठरावाने सरकारी पैशावर चालणारे पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या, तरी १९२७ मध्ये महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. कागदावर दार उघडलं म्हणून चार वर्षांचं पोर गाव ओलांडून जात नाही. अंगणवाडी वाड्यात गेली हा मोठा टप्पा होता. पण वाड्यातलं मूल वाड्यातच राहिलं आणि गावातलं मूल गावात. दोघांचा गोल एक झाला नाही.

कलम ४५ : सहा वर्षांखालचं मूल कुठे गेलं?

२३ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरतीच ठेवावी, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. त्यांचं उत्तर साधं होतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला आपण बंदी घालतो आहोत. मग ते मूल चौदापर्यंत शिक्षणसंस्थेतच असलं पाहिजे.

मूळ कलम ४५ नीट वाचा. चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, दहा वर्षांच्या आत. वरची मर्यादा चौदा. खालची मर्यादा लिहिलेलीच नाही. म्हणजे तीन वर्षांचं मूलही त्यात होतं.

२००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली. शिक्षण मूलभूत हक्क झाला म्हणून आपण आनंद मानला. पण कलम २१-क मध्ये हक्क मिळाला तो ६ ते १४ वयाला. सहा वर्षांखालच्या मुलाला नव्या कलम ४५ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत ठेवलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ सुद्धा पूर्वप्राथमिकबद्दल सरकार व्यवस्था 'करू शकेल' असंच म्हणतं. 'करील' आणि 'करू शकेल' यांत आपली कोट्यवधी लेकरं अडकली आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला. पण धोरण घेऊन कोर्टात जाता येत नाही, हक्क घेऊन जाता येतं.

मधल्या काळात जे मिळालं ते योजना म्हणून. २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषण शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा तिच्या सहा सेवा. व्यवहारात आहार आणि रजिस्टर पुढे आलं, शिक्षण मागे पडलं. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाडी लवकरात लवकर सुरू करायला सांगितलं. २००६ मध्ये आणखी पुढे जाऊन, सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीला ती मागण्याचा अधिकार दिला. हा आदेश आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

गोलात काय शिकलं जातं?

आता रोजच्या अंगणवाडीत चला. सकाळी मुलं येतात, चपला ओळीत लावतात, गोलात बसतात. गाणं, मग मुक्त खेळ. एका कोपऱ्यात ठोकळे, एका कोपऱ्यात बाहुली आणि भांडीकुंडी, कोणी मणी ओवतंय, कोणी मातीचा बैल करतंय. मग गोष्ट, हात धुणं, खाऊ.

आपल्या मराठीत पकडापकडीच्या खेळाला 'शिवाशिवी' म्हणतात. अस्पृश्यतेला आपण 'शिवाशीव' म्हणतो. शब्द एकच. एका ठिकाणी शिवलं की राज्य येतं, दुसऱ्या ठिकाणी शिवलं की विटाळ होतो. ज्या मुलाने चौथ्या वर्षी सगळ्यांना शिवून खेळलंय, त्याला दहाव्या वर्षी विटाळ शिकवणं अवघड जातं. जातीला हे बरोबर कळतं. म्हणून ती मुलाला लवकर गाठते. अनुसूचित जातीच्या बाईच्या हातचं मुलांना खाऊ न देण्याच्या बातम्या देशभरातून अजूनही येतात. ज्यांना जात टिकवायची आहे त्यांना पंगतीचं महत्त्व आपल्यापेक्षा जास्त समजलेलं असतं.

बाहुलीचा कोपरा घ्या. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्याने, दोघेही कोलंबियाचेच डॉक्टरेट, लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बऱ्याच काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. तीन-चार वर्षांच्या वयात स्वतःबद्दलची लाज मुलात उतरलेली होती. १९५४ च्या ब्राउन खटल्यात शाळांमधलं वेगळेपण बेकायदा ठरलं, तेव्हा या संशोधनाचा आधार घेतला गेला. आपल्या गाण्यांत गोरेपणाचं कौतुक आहे का, गोष्टीतला हुशार नेहमी कोण असतो, चोर कोण असतो, हे आपण कधी तपासलंय?

"नुसतं खेळून काय होतं?" असं विचारणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण. १९६२ पासून मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. ५८ मुलांना चांगली बालवाडी मिळाली, ६५ मुलांना मिळाली नाही. त्या बालवाडीत मुलं काय खेळायचं ते स्वतः ठरवत, खेळत आणि नंतर काय केलं ते सांगत. चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. बालवाडी मिळालेल्यांत शाळा पूर्ण करणारे जास्त, कमाई जास्त आणि अटक झालेले कमी होते. ठरवणं, करणं आणि सांगणं, इतका साधा हा खेळ.

आपल्या परंपरेतही हे आहे. छावणीला लागून असलेल्या नागसेनवनाचं नाव ज्यांच्यावरून पडलं, ते भंते नागसेन मिलिंद राजाला व्याख्यान देत नाहीत, रथाकडे बोट दाखवून विचारतात. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? लाकडी गाडी मोडून पुन्हा जोडणारं चार वर्षांचं पोर हेच करत असतं. त्याला गप्प बसवून 'ए फॉर ॲपल' घोटायला लावणं ही बुद्धाची शिकवण नाही.

"आपली पोरं इंग्रजी नर्सरीतच बरी"

हा आक्षेप मी वस्तीत रोज ऐकते. त्यामागची इच्छा खोटी नाही. इंग्रजी आपल्याला हवीच. पण गल्लीतल्या खोलीत चाळीस मुलं कोंबून तीन वर्षांच्या हातात पेन्सिल देणं म्हणजे इंग्रजी शिक्षण नव्हे. बोलण्याआधी लिहायला लावलेलं मूल इंग्रजीलाही घाबरतं आणि शाळेलाही. आणि नर्सरीने आणखी एक काम केलं. पूर्वी गोल जातीने तुटत होता, आता तो फीने तुटतो. अंगणवाडीत उरली ती वस्तीतली मुलं : बौद्ध, मातंग, मुस्लिम, भटक्यांची, बाहेरगावच्या मजुरांची.

दुसरा आक्षेप चळवळीतला. बाबासाहेबांनी मराठवाड्यात आधी कॉलेज काढलं, बालवाडी काढली नाही. खरं आहे. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या या भागात १९५० मध्ये त्यांनी कॉलेज सुरू केलं, कारण मोक्याच्या जागांवर आपली माणसं तातडीने पोचणं गरजेचं होतं. पण त्याच वर्षी अमलात आलेल्या संविधानात त्यांनी सरकारवर लहान मुलांची जबाबदारी टाकली होती. कॉलेज आपण उभं करायचं होतं, लहान मुलांचं शिक्षण सरकारकडून वसूल करायचं होतं. पहिलं काम झालं. दुसरं आपण विसरलो.

आणि एक गोष्ट आपल्या आपल्यात बोलू. उरलेल्या गोलात तरी आपण मातंग, मुस्लिम, पारधी, वडार लेकरांचा हात धरायला आपल्या मुलांना सांगतो का? की "त्यांच्यात खेळू नको" हे वाक्य आपल्याही घरात आहे? मनूने उतरंड केली, पण वरच्या पायरीवर असल्याचं समाधान आपणही सोडलेलं नाही. ते सोडायला चार वर्षांचं वय सर्वांत सोपं आहे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. येत्या महिन्यात आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत दोन तास जाऊन बसा. भाषण करू नका, बघा.

१. वस्तीत अंगणवाडी आहे का? नसेल आणि सहा वर्षांखालची ४० मुलं असतील, तर यादी करून लेखी मागणी करा.

२. मुलं गोलात बसतात की ओळीत? गोलाबाहेर कोणी राहतं का?

३. खेळण्यांचं कपाट उघडं असतं की कुलपात?

४. पाणी आणि खाऊ सगळ्यांना एकाच पंगतीत, एकाच भांड्यातून मिळतो का?

५. ताईंना शिकवायला वेळ उरतो, की सगळा दिवस मोबाइलवर माहिती भरण्यात जातो?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. या सेविका आणि मदतनीस बहुतेक आपल्याच थरांतल्या बाया आहेत. त्यांच्या श्रमाला पगार नाही, 'मानधन' म्हणतात. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायलाही २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी ताई संपावर गेल्या आणि जानेवारीतही संप चालूच होता. तेव्हा आपल्यातले किती जण त्यांच्या मंडपात जाऊन बसले? पुढच्या वेळी जाऊ.

पडवीतून वर्गात यायला आपल्याला अर्ज करावे लागले. गोणपाट टाकायला लढावं लागलं. अंगण मिळालं ते दुसऱ्यांच्या कळवळ्यातून. गोल मात्र अजून मिळायचा आहे, आणि तो हक्काने मागायचा आहे. जन्मापासून चौदापर्यंत एकच हक्क, बाबासाहेबांच्या मूळ कलम ४५ सारखा, ही आपली मागणी असली पाहिजे. 'शिका' हा शब्द सहाव्या वर्षी सुरू होत नाही.

जय भीम.